जुन्या गाण्यातली ओळ बदलायची कोणी आणि कशी?

महोदय,

जुने गाणे नव्याने गाजू लागले की त्यातली एखादी ओळ कुणाला तरी खुपते. दोन दिवस समाजमाध्यमांवर धुरळा उडतो. मग गायक ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ अशा जर-तरच्या भाषेत दिलगिरी व्यक्त करतो आणि प्रकरण मिटते. ओळ मात्र जागची हलत नाही. वरातीत तीच वाजते, रीलला तीच लागते आणि रेडिओच्या संगणकातही तीच फाईल पडून राहते. आम्ही गीतलेखन, ध्वनिमुद्रण आणि वितरण या धंद्यांतले काही जण आहोत. आमच्या मते कलावंताची जबाबदारी माफीनाम्यावर संपत नाही. गाण्याचा जो भाग ज्याच्या हातात आहे, त्या भागाचे काम त्याने करायला हवे. ते काम नेमके कोणते, याची चर्चा सहसा होत नाही, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

आधी गाणे कोणाचे ते पाहू. शिव्या बसतात त्या पडद्यावर नाचणाऱ्या नटीला किंवा गाणाऱ्या गळ्याला. 2007 साली ‘आजा नचले’च्या शीर्षकगीतात मोची स्वतःला सोनार म्हणवू लागल्याची थट्टा करणारी ओळ होती. उत्तर प्रदेशात मायावती सरकारने चित्रपटावर बंदी घातली, पंजाब आणि हरियाणातही ती आली. यशराज फिल्म्सने माफी मागून ओळ काढली, तेव्हा बंदी उठली. चर्चा झाली माधुरी दीक्षितच्या पुनरागमनाच्या चित्रपटाची. पण ओळ लिहिली होती पीयूष मिश्रा यांनी, चाल सलीम-सुलेमान यांची, गळा सुनिधी चौहान यांचा आणि ओळ काढायचा अधिकार निर्मात्याचा. त्या ओळीत जातीची शिवी नाही, हे मुद्दाम नोंदवतो. मोची आणि सोनार ही कामांची नावे आहेत. दुखावणारा भाग होता तो ‘मोचीसुद्धा’ मधल्या ‘सुद्धा’त. खालच्याने वर पाहिले म्हणून हसा, असे ती ओळ सुचवत होती. नुसत्या वर्ज्य शब्दांची यादी घेऊन गाणी तपासायला बसलेल्या माणसाच्या हाताला ही ओळ कधीच लागली नसती.

दोन वर्षांनी ‘कमीने’मध्ये गुलजारांनी लिहिलेल्या गाण्यात तेली समाजाला आक्षेपार्ह वाटलेले ‘तेली का तेल’ होते. त्याचे ‘दिल्ली का तेल’ झाले. ही दुरुस्ती शिकवण्याजोगी आहे. ‘तेली’च्या मात्रा चार. ‘दिल्ली’तला ‘दि’ जोडाक्षरापूर्वी आल्याने गुरू होतो, म्हणून त्याच्याही चारच. शेवटचा ‘ली’ तसाच राहिला, ‘तेल’शी असलेला ‘ल’चा अनुप्रासही राहिला. ठेक्याला धक्का नाही, ओठांची हालचालही जवळपास सारखी. मात्रा सांभाळून दुरुस्ती झाली की ती अशी बेमालूम बसते. कंपनीतल्या कुणीतरी घाईत घातलेला शब्द बहुतेक वेळा एक मात्रा कमी किंवा जास्त भरतो. मग गायकाला स्वर ओढावा लागतो आणि त्या जागी काहीतरी ठिगळ आहे हे लहान पोरालाही कळते.

कायद्याचा भाग थोडक्यात. चित्रपटगीतावर पहिली मालकी साधारणपणे निर्मात्याची असते आणि करारानुसार ती संगीत कंपनीकडे जाते. पण 1957च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 57 गीतकाराला एक वेगळा हक्क देते. हक्क विकले तरी आपल्या कृतीची मोडतोड करून प्रतिष्ठेला बाधा आणली तर तो दाद मागू शकतो. कलावंतांच्या सादरीकरणासाठी 38 ब मध्ये तसाच हक्क आहे. कंपन्या या कलमाचा आडोसा छान घेतात. ‘गीतकाराची परवानगी नाही, आम्ही शब्द कसा बदलणार?’ असे उत्तर मिळते. त्यावर तोड सोपी आहे. गीतकाराने एक पानी संमतिपत्र द्यावे: गाण्याचे नाव, चित्रपट किंवा अल्बम, वर्ष, जुनी ओळ, नवी ओळ, ‘ही दुरुस्ती माझ्या संमतीने आहे आणि यापुढे हीच ओळ अधिकृत समजावी’ एवढे वाक्य, आणि सही. एक प्रत कंपनीला, एक संगीतकाराला, एक गीतकार-संगीतकारांचे मानधन गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीला. गीतकार हयात नसेल तर हा हक्क त्याचे कायदेशीर वारस बजावू शकतात, तेव्हा पत्र त्यांनी द्यावे.

फ्रान्समध्ये लेखकाला, आधी नुकसानभरपाई देऊन, स्वतःची कृती बाजारातून मागे घेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे तसा नाही. म्हणजे पश्चात्ताप झालेला भारतीय गीतकार कंपनीला गाणे काढून टाकायला लावू शकत नाही. हे खरे असले तरी ‘मी तर गाणे विकून मोकळा झालो’ हा बचाव 2012च्या दुरुस्तीनंतर पोकळ झाला आहे. त्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातला वाटा हक्क विकल्यानंतरही शाबूत ठेवला. गाणे वाजले की पैसा ज्याच्याकडे येतो, त्याच्याकडे त्या गाण्याची तक्रारही यायला हवी.

माफीचा कायद्यात काय उपयोग होतो, याचा दाखला मराठीतच आहे. गाणे नव्हे, कविता. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधीजींवरची कविता 1994 साली बँक कर्मचाऱ्यांच्या एका मुखपत्रात छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन मे 2015 मध्ये निकाल आला. ज्याने छापले त्याने लगेच बिनशर्त माफी मागितली होती, म्हणून तो सुटला. कवीने मात्र खटल्याला सामोरे जावे, असे ठरले. त्या निकालाशी सहमत होणे अवघड आहे. पण लिहिणारा, छापणारा आणि वाजवणारा यांच्या जबाबदाऱ्या वेगवेगळ्या धरल्या जातात, एवढे त्यातून घ्यावे.

आता परदेशातली काही उदाहरणे, कारण तिथे हे काम अधिक उघडपणे झाले आहे. जून 2022 मध्ये अमेरिकी गायिका लिझोच्या नव्या गाण्यात सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसांना हिणवणारा एक शब्द आला. अमेरिकेत तो सैल तोंडाने वापरतात, ब्रिटन-ऑस्ट्रेलियात तो सरळ शिवी आहे. अपंगांच्या हक्कांसाठी लिहिणाऱ्यांनी दाखवून दिल्यावर तिने काही दिवसांत नवी आवृत्ती आणली आणि बदल का केला ते स्वतः सांगितले. जुलैअखेरीस बियॉन्सेच्या गाण्यात तोच शब्द निघाला, तिनेही बदलला. 1995 साली मायकेल जॅक्सनला ज्यूंविषयीच्या दोन ओळींसाठी माफी मागून त्या पुन्हा गाव्या लागल्या होत्या. तेव्हा सीडीचा जमाना होता, बाजारात गेलेल्या सीडी जुन्या ओळीसकट घराघरांत राहिल्या आणि दुरुस्ती पुढच्या छपाईपासून लागू झाली. आज फाईल बदलली की सगळीकडे बदलते, असे लोकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे, त्याकडे वळतोच.

बीस्टी बॉइज या अमेरिकी रॅप गटाचे प्रकरण आम्हाला विशेष आवडते. 1986च्या पहिल्या अल्बममधल्या समलिंगी व्यक्तींविषयीच्या बाष्कळ बोलण्याबद्दल त्यांच्यातल्या ॲडम होरोविट्झने 1999 साली माफी मागितली, तीही न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकाला पत्र पाठवून. त्यात ‘दुखावल्या असतील तर’ नव्हते. आपण काय बोललो, ते मूर्खपणाचे होते आणि एवढा काळ गप्प राहिलो, एवढे सरळ लिहिले होते. टेलर स्विफ्टने 2010चे गाणे 2023 मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित करताना दुसऱ्या मुलीच्या चारित्र्यावर घसरणारी ओळ बदलली. नवी ओळ बसली, यमकही जुळले. पण बदलाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही, म्हणून काही चाहते आजही जुनी ओळच खरी मानून म्हणतात. बदल केला तर तो बोलून दाखवावा, एवढा धडा त्यातून मिळतो.

आपल्याकडे एप्रिल 2023 मध्ये बादशाहच्या ‘सनक’वर महाकालच्या पुजाऱ्यांनी आक्षेप घेतला. त्याने माफी मागितली, गाण्याचा भाग बदलला आणि सर्व ऑनलाइन मंचांवर नवी आवृत्ती दिसायला काही दिवस लागतील, असेही सांगून टाकले. हे शेवटचे वाक्य सगळ्यात उपयोगाचे. ते सांगितले नसते तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी जुनीच फाईल वाजवून ‘बघा, बदलले कुठे?’ म्हणून पुन्हा गोंधळ घातला असता.

प्रत्यक्ष शब्द बदलायचा तो कसा? पहिली चौकशी मूळ टेपची. आवाज वेगळ्या ट्रॅकवर असेल, जसा 1990 नंतरच्या बहुतेक कामांत असतो, तर काम सुकर होते. तरीही एकटा शब्द गाऊन चिकटवू नये. पूर्ण ओळ, शक्य तर आधीच्या ओळीच्या श्वासापासून गाऊन घ्यावी आणि जोड व्यंजनावर द्यावा, स्वरावर नाही. ‘क’, ‘ट’, ‘प’ अशा स्फोटक अक्षराच्या ठोक्यात जोड लपतो; लांबवलेल्या ‘आ’मध्ये तो लगेच कानाला लागतो. त्याच जातीचा मायक्रोफोन, तेवढेच अंतर. जुनी टेप किंचित वेगाने किंवा सावकाश चाललेली असते, म्हणून आधी मूळ गाण्याची पट्टी मोजून घ्यावी, नाहीतर गायक हार्मोनियमच्या काळी चारला बरोबर गातो आणि गाण्यात तो बेसूर वाटतो. वीस-तीस वर्षांत गळाही भरतो. साठीतल्या गायकाची एक ओळ तिशीतल्या आवाजात बसत नाही, तेव्हा अख्खा अंतरा नव्याने घेणे शहाणपणाचे.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या बऱ्याच गाण्यांचा गायक आणि वाद्यवृंद एकाच वेळी, एकत्रच मुद्रित झालेला असतो. हाती फक्त मिश्रित मोनो टेप. अशा वेळी त्याच गाण्यात तोच ठेका आणि तेच सूर आवाजाशिवाय कुठे वाजतात ते शोधायचे, तो तुकडा त्या शब्दाच्या जागी आणायचा आणि दोन्ही टोकांना दहा-वीस मिलिसेकंदांचा चढ-उतार द्यायचा. इथे हमखास फसते ती घुमण्याची शेपटी. आधीच्या शब्दाचा घुमारा मध्येच कापला गेला की दार आपटल्यासारखे वाटते, म्हणून तेवढा घुमारा वेगळा तयार करून वर घालावा लागतो. हल्ली आवाज आणि वाद्ये वेगळी काढणारी सॉफ्टवेअर आहेत. ती चांगली आहेत, पण ‘स’, ‘श’, ‘च’ यांचे फुत्कार झांजांत आणि घुंगरांत अडकून राहतात. ढोलकी-घुंगरांच्या लावणीत काढलेला शब्द भुतासारखा ऐकू येत राहतो.

‘पीं’ वाजवण्याचा उपाय सगळ्यात वाईट. एक किलोहर्ट्झचा तो सूर गाण्यापेक्षा ठळक असतो, श्रोता गाळलेला शब्द मनात दुप्पट जोराने म्हणतो. नुसता आवाज गप्प करून वाद्ये चालू ठेवणे त्याहून कितीतरी बरे.

फाईल तयार झाली की खरी कटकट सुरू होते. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरांचा आयएसआरसी संकेत असतो. आवृत्ती बदलली की नवा संकेत घ्यावा लागतो. जुनी ऐकली गेल्याची संख्या हातची जाऊ नये म्हणून काही जण जुन्याच संकेतावर नवी फाईल सरकवतात. मग कोणत्या मंचावर कोणती आवृत्ती आहे, याचा पत्ता खुद्द कंपनीला लागत नाही आणि मानधनाचे हिशेबही घोळतात. शीर्षकात ‘सुधारित आवृत्ती’ आणि वर्ष स्पष्ट लिहावे. पडद्यावर सरकणारे शब्द ही वेगळीच भानगड आहे. ते बहुधा दुसऱ्याच कंपनीकडून येतात, त्यामुळे कानावर नवी ओळ आणि डोळ्यांसमोर जुनी, असा तमाशा महिनोन्‌महिने चालतो. शब्दांची दुरुस्ती स्वतंत्रपणे पाठवावीच लागते. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर दुसरा व्हिडिओ ठेवता येत नाही. जुना खाजगी करून नवा चढवावा, वर्णनात कारण लिहावे. शिवाय रेडिओ केंद्रांना नवी फाईल हातोहात पाठवून जुनी काढल्याची खात्री करावी, कॅराओके ट्रॅक बनवणाऱ्यांना कळवावे. कॅराओकेत बऱ्याचदा कोरसच्या आवाजात ती ओळ ट्रॅकमध्येच मिसळून गेलेली असते. गाणारा गप्प राहिला तरी यंत्र ती म्हणते.

मूळ आवृत्तीचे काय करायचे, यावर आमच्यातही एकमत नाही. बहुतेकांचे मत असे की ती पुसू नये. नेहमीच्या यादीतून, शिफारशींतून आणि रेडिओतून ती काढावी, पण संग्रहात वर्ष व टिपणीसह ठेवावी. काय बदलले याचा पुरावाच नाहीसा करून आपण पहिल्यापासून सोज्वळ होतो असे भासवणे, ही माफी न मागण्याहून वाईट गोष्ट. पुराव्याचा प्रश्न उलटाही येतो. दिल्लीतल्या डिसेंबर 2012च्या अत्याचारानंतर एका नामांकित रॅपरच्या नावावर फिरणाऱ्या बलात्काराची बढाई मारणाऱ्या जुन्या गाण्यावरून देशभर संताप उसळला; त्याने ते आपले नसल्याचे सांगितले. ज्या गाण्याला ना कंपनी, ना संकेत, ना श्रेयनामावली, त्याची जबाबदारी टाकायची कुणावर?

प्रत्येक आक्षेप मान्य करावा असे मात्र आम्ही म्हणत नाही. गाण्यात पात्र बोलत असेल तर ते पात्राच्या तोंडचे आहे, हे पाहावे लागते. ‘मनी फॉर नथिंग’ या 1985च्या गाण्यात दुकानात उपकरणे वाहणारा हमाल टीव्हीवरच्या गायकाला शिवी देतो. जानेवारी 2011 मध्ये कॅनडाच्या प्रसारण मानक परिषदेने ते गाणे कापल्याशिवाय वाजवू नये असे ठरवले, आणि ऑगस्टमध्ये फेरविचार करून निर्णय केंद्रांवर सोपवला. ‘फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क’ या 1987च्या नाताळगीतात दारुडे जोडपे भांडते. त्यातल्या शिवीबद्दल गीतकार शेन मॅकगोवनने 2018 मध्ये सांगितले की ती बाई तशीच बोलली असती म्हणून तो शब्द आला, मात्र कुणी तो गाळला तरी आपली हरकत नाही. 2020 मध्ये बीबीसीने तरुणांच्या रेडिओ वनवर शब्द गाळला आणि रेडिओ टूवर ठेवला. कवीने कारण सांगितले आणि वाजवणाऱ्याने आपल्या श्रोत्यांकडे पाहून ठरवले, ही विभागणी आम्हाला पटते.

आपल्या तमाशातल्या बतावणीत, सवाल-जवाबात पात्रेच बोलतात, त्यांना हीच मोजपट्टी लावावी. आणि ज्यांना शिवी घातली गेली त्यांनीच तो शब्द आरोप म्हणून परत भिरकावला, तर ते साफ वेगळे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ 1972चा. वर्ज्य शब्दांची यादी लावली तर पहिला बळी तोच जाईल. उलट, गाणाऱ्याच्या स्वतःच्या आवाजात, कुठलेही पात्र मध्ये न ठेवता, सावळ्या पोरीची, लंगड्याची, बहिऱ्याची किंवा बायकोला मारण्याची मजा घेतलेली असेल, तर ‘त्या काळी चालायचे’ या उत्तराला अर्थ नाही. त्या काळी सावळ्या पोरीही होत्या आणि त्या ऐकत होत्या. त्यांना विचारले नव्हते इतकेच.

मंचावर गायकाला कुणाची परवानगी लागत नाही, हे विसरले जाते. गाणे न गाणे त्याच्याच हातात आहे. रोलिंग स्टोन्सनी गुलामगिरीचे संदर्भ असलेले 1971चे ‘ब्राउन शुगर’ 2021च्या दौऱ्यात गायले नाही. गाणे ठेवून शब्दच टाळायचा असेल तर माईक लोकांकडे करू नये. हजार माणसे तोच शब्द ओरडतात आणि गायक नामानिराळा राहतो. तेवढी मात्रा ढोलकीच्या तुकड्याने किंवा कीबोर्डने भरावी, नाहीतर अख्खा अंतरा सोडावा. ऑर्केस्ट्रावाल्यांनी मात्र जुने गाणे बदललेल्या शब्दांसह मुद्रित करून विकायच्या आधी थांबावे. कलम 31 क खाली कव्हर आवृत्तीची सोय आहे. पण ती मूळ मुद्रणाच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षांनी, आणि संमतीशिवाय शब्दांत फेरफार न करण्याच्या अटीवर. हेतू चांगला असला तरी ही अट सुटत नाही.

शेवटी एक विनंती आपल्याकडे. अशा वादाची बातमी छापताना गायकाचे छायाचित्र आणि तुटक अर्धी ओळ एवढेच दिले जाते. त्याऐवजी गीतकार, संगीतकार, संगीत कंपनी आणि मुद्रणाचे वर्ष द्यावे, ओळ कोणाच्या तोंडी आहे ते सांगावे आणि आक्षेप घेणाऱ्यांना नेमके काय खुपले ते त्यांच्याच शब्दांत छापावे. महिन्याभराने एक छोटी चौकशी करावी: आवृत्ती खरोखर बदलली का, कुठे बदलली, कुठे नाही. ती चार ओळींची बातमी पहिल्या दिवशीच्या मथळ्याहून कंपन्यांना जास्त बोचते, हे आम्ही आतून पाहिलेले सांगतो.

आपले,
गीतलेखन, ध्वनिमुद्रण आणि संगीत वितरण क्षेत्रांत काम करणारे काही वाचक, मुंबई